दुसरी चौकट

दिवाळीत हर्षद कंपनीतल्या शिफ्टमुळे घरी येऊ शकला नव्हता, म्हणून त्याची बायको सुरभी त्याला पाठवायला सासूचा, मालूचा फोटो काढत होती. रोह्याजवळच्या त्यांच्या कापणी झालेल्या शेतात, भर दुपारी, मालू एकटीच बांधावर उभी होती.

सुरभीने मोबाइलच्या कॅमेऱ्यात नवी सेटिंग लावली. समोरचे सगळे हसले, की फोटो आपोआप निघायचा.

मालू हसली. फोटो निघाला नाही.

"अजून किती हसू गो?"

सुरभीने स्क्रीनवर नीट पाहिलं. मालूच्या चेहऱ्याभोवती पिवळी चौकट होती. तशीच दुसरी चौकट तिच्या मागे रिकाम्या शेतात होती, माणसाच्या चेहऱ्याच्या उंचीवर.

तिने सेटिंग बंद करून पुन्हा लावली. दुसरी चौकट बांधाजवळ आली होती आणि मोठी झाली होती.

"आई, मागं बघू नका. माझ्याकडं या."

"का गो? काय हाय?"

"या तुम्ही!"

मालू तिच्या पाठीशी येऊन उभी राहिली. स्क्रीनवर आता फक्त शेत आणि ती चौकट उरली. मोबाइल खाली घ्यायचं सुरभीला सुचेना. चौकट वाढत वाढत स्क्रीनच्या कडांना टेकली.

आणि फोटो आपोआप निघाला.