सणाची घंटा

शनिवारी संध्याकाळी वसईच्या चर्चमध्ये एमिलिया तुस्कानो पापनिवेदनाला गुडघे टेकून बसली. जाळीपलीकडे फादर ऑल्विन जांभई आवरत होते. प्रत्येकाच्या कानामागे शांतपट्टी बसवायचा कायदा झाल्यापासून मनाची टोचणी कोणालाच उरली नव्हती. लोक वाणसामानाच्या यादीसारखी पापं वाचून दाखवत. पश्चात्तापाशिवाय क्षमा देता येत नाही, म्हणून बारा वर्षांत फादरांनी एकालाही क्षमा दिली नव्हती.

"फादर, वेदीवरची जाळीदार चादर माझ्या शेजारच्या जसिंताने विणलीय. मी माझी म्हणून मिरवली. ती बिचारी गप्प राहिली." एमिलियाला हुंदका आला. "सोमवारी माझी पट्टी बंद पडली. तेव्हापासून घास उतरत नाही. दवाखान्यात म्हणाले, दहा मिनिटांत नवी बसवतो. मी उठूनच आले."

"का गं?"

"दुखतंय ते माझं आहे, फादर. ते कसं काढून टाकू?"

फादरांनी क्रूसाची खूण केली. क्षमेचे शब्द त्यांना अडखळत आठवावे लागले. मग झग्याचा घोळ सावरत ते धावले आणि त्यांनी सणाची घंटा वाजवली.

पिठाच्या हातांनी बायका धावत आल्या. पापनिवेदनातलं बाहेर बोलायचं नसतं, त्यामुळे फादर नुसते हसत उभे होते.

"आज कुठला सण गं?" जसिंताने एमिलियाला विचारलं.

"तुझा," एमिलिया म्हणाली आणि तिचा हात धरून सगळ्यांसमोर तिला वेदीपाशी घेऊन गेली.