खिडकीतला कप

नवा मासा महिनाभर बरणीत वेगळा ठेवायचा, असं सुनेनं बजावलं होतं. पण सासूबाईंचा जीव भारी कनवाळू. "एकटाच कुढत होता बिचारा, म्हणून सोडला चौघांत," त्या म्हणाल्या. चार दिवसांत टाकीतल्या सगळ्याच माशांवर पांढरे ठिपके उठले. सुनेनं टाकीतला हीटर वाढवला, खिडकीतला आपला कप उचलला आणि त्यात निळं औषध कालवलं. तिच्या हातांवर कोड उठल्यापासून दोन वर्षं सासूबाईंनी तो कप इतरांच्या कपांबरोबर फळीवर ठेवू दिला नव्हता. "अगं, चहाच्या कपात औषध? डाग जायचा नाही त्याचा," त्या कळवळल्या. "राहू दे तसाच. माशांचे ठिपके एकमेकांना लागतात, आई. माझे लागत नाहीत, हे डॉक्टरांनी तुमच्यासमोर तीनदा सांगितलंय." औषध टाकीत ओतून तिनं निळा कप तिथंच ठेवला, फळीवरचा सासूबाईंचा कप घेतला आणि त्यात चहा गाळला.