आपलं कॉलेज

अमेरिकेतल्या अलाबामात कॉलेजांच्या फुटबॉल मॅचच्या दिवशी व्हर्लन स्टेडियमच्या पार्किंगमध्येच शेगडी पेटवायचा आणि डुकराच्या बरगड्या भाजता भाजता लाल जर्सीवाल्या कॉलेजचे जुने विजय रंगवून सांगायचा. "नव्वद साली शेवटच्या अकरा सेकंदांत आपण त्या निळ्या जर्सीवाल्यांचं नाक कापलं! ओरडून ओरडून माझा घसा आठवडाभर बसला होता!"

यंदा त्याची पोरगी डेलेनी मधेच बोलली. "डॅडी, निळ्या कॉलेजनं मला इंजिनिअरिंगला घेतलंय. फी, राहणं, जेवण, सगळं फुकट. फक्त तुझी सही हवीय. सोमवारी शेवटची तारीख आहे."

व्हर्लनचा चिमटा हवेतच थांबला. "माझ्या घरात निळा टॉवेल येत नाही आणि तू निळं कॉलेज आणतेस? आपलं कॉलेज काय ओस पडलंय?"

"आपल्या कॉलेजनं मला नाही म्हटलंय, डॅडी."

व्हर्लननं सही न करताच कागदाची घडी घातली, तिच्या हातात दिली आणि मायेनं तिच्या पाठीवर थोपटलं.



"एवढं काय मनाला लावून घेतेस, पोरी? मला तर तीनदा नाही म्हणाले. मी सोडलं का त्यांना?"