आडोसा

न्यालुआकनं सकाळपासून पाण्याचा थेंब तोंडात घेतला नव्हता, तरी लागायची ती लागलीच. जळण तोडता तोडता तिनं पाय आवळून धरले. जावं तरी कुठं? चारी बाजूंना निळ्या टोप्यांचे परदेशी शिपाई डोळे फाडून पहारा देत उभे. आणि त्यांचा दुभाष्या कोण, तर तुत, तिचाच जावई! न्युएर लोकांत सासू जावयासमोर घासही खात नाही, तिथं हे कुठून बोलणार?

म्हणून तर छावणीतल्या बायका पहारा टाळून अंधारातच लाकडाला जायच्या. "एकट्या का जाता?" शिपायांचा मेजर दर बैठकीत विचारायचा. बायका मान खाली घालून बसायच्या. मग परवा रानातल्या बंदूकवाल्यांनी न्याकुमाला वाटेत गाठलं. आज सगळ्या मुकाट्यानं पहाऱ्यात आल्या त्या त्याच भीतीनं.

आज शिपायांत एक बाई होती. घानाची म्हणे. न्यालुआकची नजर तिच्यावरून हलत नव्हती. एवढी जड बंदूक! पोरं कुणाकडे टाकून आली असेल? नवऱ्यानं हिच्यासाठी गायी तरी किती दिल्या असतील?

तेवढ्यात ती बाईच जवळ आली. इकडंतिकडं बघत तिनं पोटावर हात ठेवला, गुडघे आवळले आणि रडवेलं तोंड करून भुवया उडवल्या. कुठं?

"अगं बाई, हिलाही लागते!" न्यालुआक ओरडलीच.

बायका पोट धरून हसल्या. अंगावरची फडकी सोडून त्यांनी गोल आडोसा धरला. आधी तिला, मग एकेकीला. बंदूक घेऊन ती बाहेर पाठमोरी उभी राहिली. एक शिपाई काय झालं बघायला आला, त्याला तिनं हातानंच लांब पिटाळलं. न्यालुआक मोकळी होऊन आली आणि वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यातलं पाणी घटाघटा प्यायली. किती दिवसांनी असं बरं वाटलं होतं!

परतताना मेजर खुशीत होता. "आज सगळ्या हसताहेत! विचार, रोज येतील का?"

तुतनं विचारलं. न्यालुआक त्याच्याकडे न बघता म्हणाली, "उद्या ही बाई असेल का, ते विचारा त्यांना."

"छे! आमच्यात ती एकटीच बाई. उद्यापासून ती छावणीच्या फाटकावर बायकांची झडती घ्यायला लागेल."

न्यालुआकनं मागच्या बायकांकडे बघितलं. न्याकुमाला रडू फुटलं.

"मग आम्ही आमच्या आमच्या जाऊ. अंधारातच."

"आता काय बिनसलं यांचं?" मेजर तुतवर खेकसला.

घानाची बाई पुढं आली. "साहेब, मी सांगते..."

"तू थांब जरा," मेजर म्हणाला. "मी या बायकांशी बोलतोय."