मनगटावरची झोप

"कॅप्टन, या आठवड्यात तुम्ही झोपलाच नाहीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

कॅप्टन गडबडला. गोष्ट खरी होती, पण ती यंत्राला कळायचं काही कारण नव्हतं.

वैमानिकांचा थकवा मोजायला कंपनीने सगळ्यांना मनगटी पट्टे वाटले होते. रात्री पट्टा हाताची हालचाल आणि नाडी टिपायचा. कॅप्टनची झोप तर कधीच उडाली होती. रात्रभर छताकडे बघत पडायचं, पहाटे कुठे जरा डोळा लागल्यासारखं वाटायचं. हे बाहेर कळलं तर उडणं बंद, आणि उडण्यावाचून त्याला दुसरं काही येत नव्हतं. म्हणून रोज रात्री तो पट्टा बायकोच्या हाताला बांधायचा. ती शेजारी ढिम्म पडलेली असायची. तिला तो कुंभकर्णाची बहीण म्हणायचा. पहिल्या रात्री तिने आढेवेढे घेतले, मग आपणहून हात पुढे केला.

"पट्टा बिघडला असेल," तो म्हणाला.

"तपासून घेतला. ठणठणीत आहे." बाईंनी पडद्यावरच्या रेघेवर बोट ठेवलं. "रात्रभर टक्क जागे. आणि हे बघा, रोज पहाटे नाडी सुसाट धावते. माणूस घाबरला की धावते तशी. अंग मात्र जराही हलत नाही. काय होतं तेव्हा?"

"काही नाही."

"मग उद्याचं विमान दुसरं कुणी नेईल. काही सांगायचं असेल तर संध्याकाळपर्यंत फोन करा."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार. खरं बोलावं तर लबाडी उघडी पडणार, गप्प बसावं तर विमान हातचं जाणार. जिना उतरता उतरता त्याने ठरवलं, लबाडी उघडी पडलेली परवडली. चार शब्द ऐकून घ्यावे लागतील, पण उडता तरी येईल.

घरी बायको उद्यासाठी त्याचा पांढरा शर्ट इस्त्री करत होती.

"डॉक्टरीणबाईंना फोन लाव," तो म्हणाला. "सांग, पट्टा मला टोचत होता म्हणून तू घातलास. जागी तू होतीस, मी नाही."

"सांगते. पण का जागी होते, तेही विचारतील."

"मग सांग की. का होतीस?"

तिने इस्त्री उभी करून ठेवली. "तुम्हाला भिऊन."

"मला? मी तर शेजारी नुसता पडलेला असतो."

"तुम्हाला तसं वाटतं. पहाटे तुम्ही झोपेतच उठता. डोळे मिटलेले असतात. माझ्या उशाशी येऊन उभे राहता आणि बोलायला लागता. मी अंग चोरून पडून राहते."

तो खुर्चीत बसला. "काय बोलतो?"

"विमानात प्रवाशांशी बोलता ना, त्याच गोड आवाजात. 'मंडळी, मुलांना जवळ घ्या. आपण पोचणार नाही.'"