मूळचा पंप

जुन्या अमेरिकन पॅकार्ड गाडीचे बॉनेट उघडे होते. विंटेज गाड्यांच्या स्पर्धेच्या परीक्षकांनी आत वाकून पाहिले आणि कागदावर फुली मारली.

"वॉटर पंप कंपनीचा नाही. गाडी अस्सल धरता येणार नाही."

"कंपनी बंद पडली, भाग येईनात, तेव्हा माझ्या वडिलांनी तो कोल्हापुरातच ओतला," म्हातारे मिस्त्री म्हणाले. "पन्नास वर्षं गाडी त्याच्यावरच चालतेय, साहेब."

दर खंडेनवमीला लावलेल्या कुंकवाचा थर पंपावर चढला होता.

गाडीचे मालक अवघडून म्हणाले, "मूळचा पंप मिळतोय, मिस्त्री. हा तुम्हीच काढा. दुसऱ्या कुणाचा हात नको."

मिस्त्रींनी पंपावर तळवा टेकवला. इंजिन अजून कोमट होते. मग आपल्या हातातला पाना मालकांच्या हातात देऊन ते चालू लागले.