पळायचा नेम

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या सालची गोष्ट. पोलीस भरतीसाठी शिवकांतानं रोज पळायचा नेम धरला, तर बाप व्यंकटी कडाडला, "पोरीच्या जातीनं रस्त्यानं पळायचं न्हाई!"

पण पाण्याला जाणाऱ्या पोरीला कोण अडवतंय? रिकामी घागर काखेत मारून ती कोसावरच्या विहिरीकडं रोज पळत सुटायची.

मे महिन्यात टँकर थेट दारात आला. व्यंकटीनं रांजण भरून घेतला. दुसऱ्या दिवशी लेक पुन्हा घागर घेऊन निघाली, तसा तो गरजला, "दारात पाणी हाय, आता कुठं चाललीस?"

टँकरच्याच पाण्यात मऊ शिजलेली डाळ घोटता घोटता आई ठसक्यात म्हणाली,

"ह्या पाण्यात डाळ शिजत न्हाई. जाऊ द्या तिला हिरीवर."